न बदललेल्या तारा

अँटॉप हिलच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये मी बेस गिटार घेऊन बसलो, की शेजारच्या बिऱ्हाडातली मांडणी वाजायची. ही १९७७ सालची गोष्ट. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सीजीएस कॉलनीतल्या दोन खोल्या आमच्या वाट्याला आलेल्या. भिंतीपलीकडे एक तमिळ मामी राहत. त्या स्वतः वीणा वाजवत, त्यामुळे माझ्या वाजवण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण सर्वांत जाड तारेवरचा एक ठरावीक सूर लागला, की त्यांच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत. मग मामी स्टोव्ह बारीक करून आमच्या दाराशी येत आणि तेवढा एक सूर जेवणानंतर वाजव, असं सांगून परत जात. कुठल्या सुराला वाट्या उठतात, हे मला पाठ झालं होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. सख्खी नव्हे, पुतणीची मुलगी. मला आबा म्हणते. कॉलेजात आहे, माटुंग्याला मित्रमैत्रिणींबरोबर वाजवते. गेल्या महिन्यात तिने जुना बेस गिटार विकत घेतला आणि घरी येऊन मला विचारलं, की तारा कुठल्या लावू. चपट्या वेढ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, की गोल वेढ्याच्या, राउंडवाउंड? तिच्या मोबाइलमध्ये या एका प्रश्नाची पन्नास उत्तरं होती आणि पन्नासही वेगळी. मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, तेव्हा आबांना नक्की ठाऊक असणार, असा तिचा समज. मी उत्तर दिलं नाही. एका माणसाची गोष्ट सांगायला बसलो. तिला ती लांबलेली वाटली असावी, पण उठून गेली नाही.

गोष्टीआधी दोन शब्द वाद्याविषयी, कारण रविवारी सकाळी हे वाचणाऱ्या सगळ्यांनी बेस गिटार हातात घेतलेला नसणार. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचं जे काम, तेच गाण्यात बेस गिटारचं. बहुतेकांना तो वेगळा ऐकूच येत नाही. काढून घेतला, की मात्र गाणं एकदम पोकळ वाटतं. चार तारा. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते, मामींच्या वाट्या उठवण्याइतकी. इतका खालचा सूर द्यायला तार जाड हवी, आणि नुसती सळई ताणून भागत नाही, कारण ती लवचिक राहत नाही. म्हणून मधे पोलादाचा बारीक गाभा ठेवून त्यावर दुसरी तार गुंडाळतात. ही वरची तार गोल असेल तर पृष्ठभाग बारीक स्प्रिंगसारखा खवलेदार होतो. बोट सरकलं की करकर होते, आवाज लखलखीत येतो आणि बराच वेळ टिकतो. वरची तार फितीसारखी चपटी असेल तर पृष्ठभाग व्हायोलिनच्या तारेसारखा गुळगुळीत. आवाज गोल, मऊ. ठोका पडला की पटकन विझणारा. चपटी तार वर्षानुवर्षं टिकते. गोल तारेच्या खाचांत घाम आणि मळ बसतो आणि काही आठवड्यांत तिची लखलख जाते.

चपट्या तारांचा विषय निघाला की जगभरचे बेसवाले एकच नाव घेतात. जेम्स जेमर्सन. जन्म २९ जानेवारी १९३६, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या एडिस्टो नावाच्या बेटावर. कृष्णवर्णीयांची वस्ती, चर्चमधलं गाणं, घरात आजी आणि आत्या-मावश्यांचा राबता. लहानपणी त्याने काठीला रबर ताणून बांधलं, काठी मुंग्यांच्या वारुळात रोवली आणि ते रबर छेडून मुंग्यांना नाचवायला बघत बसला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, मला ती फार आवडते. त्यात थोडा स्वार्थही आहे. अँटॉप हिल हे नाव अंतोबा नावाच्या कुणा जमीनमालकावरून पडलं असं सांगतात, पण बाहेरगावच्या पाहुण्यांना ते हमखास इंग्रजीतलं मुंग्यांचं वारूळ वाटे. माझे एक मामा तर पत्रावर तसंच लिहीत, आणि पोस्टमन बिनबोभाट पत्र आणून देई.

आई कामासाठी डेट्रॉइटला गेली, आणि १९५४ साली जेम्स तिच्यामागोमाग तिथे पोचला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. दक्षिणेकडच्या शेतांतून उठून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं तिथल्या कारखान्यांत कामाला आलेली. आपल्याला हे परकं वाटायला नको. कोकणातून, घाटावरून माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत आली, तेव्हा येताना भजन, दशावतार, शक्तीतुरा घेऊन आली आणि चाळीच्या खोल्यांत त्यांच्या बाऱ्या रंगल्या. डेट्रॉइटलाही तसंच झालं. दिवसा मोटारी आणि रात्री गाणं.

नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये जेम्सने माणसाच्या उंचीचा लाकडी डबल बेस हातात घेतला, आणि शाळा सुटल्यावर तो शहरातल्या क्लबांतून जॅझ वाजवू लागला. हात मोठे, बोटं दणकट. मोठ्या बेसची तार खेचायला जोर लागतो. तो जोर त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात येऊन बसला. पुढे आयुष्यभर त्याने त्या एका बोटानेच वाजवलं. बाकीचे दोन-तीन बोटं आळीपाळीने वापरतात, आम्हीही तेच शिकलो. या गृहस्थाचं एक बोट, आकड्यासारखं वाकवलेलं, आणि त्यातून निघणाऱ्या ओळी आम्हाला दोन हातांनीही जमू नयेत.

१९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये रेकॉर्ड कंपनी काढली. हा गॉर्डी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला. एका टोकाला सांगाडा आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी, तशी गाणी तयार करायची, असं त्याच्या डोक्यात होतं. कंपनी पुढे मोटाउन या नावाने जगाला माहीत झाली. मोटर-टाउनचंच ते लाडकं नाव. वेस्ट ग्रँड बुलेव्हार या रस्त्यावर २६४८ क्रमांकाचं साधं राहतं घर घेऊन त्यात स्टुडिओ केला. काही पायऱ्या उतरून जायची ती खोली, छतावरून लोंबणाऱ्या वायरी. वादकांनी तिला सापांच्या खड्ड्याचं नाव दिलं. तिथे पगारी वादकांचा एक ताफा दिवसरात्र बसलेला असे आणि गायक बदलत राहत. स्टीव्ही वंडर असो, सुप्रीम्स असोत, टेम्प्टेशन्स असोत, मागे माणसं बहुधा तीच. जेमर्सन त्यांतला एक.

सुरुवातीची काही गाणी त्याने मोठ्या लाकडी बेसवरच वाजवली. १९६० नंतर मात्र त्याच्या गळ्यात फेंडर कंपनीचा विजेवर चालणारा प्रिसिजन बेस आला. लिओ फेंडरने हे वाद्य १९५१ साली बाजारात आणलं होतं. (फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ही माहिती मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकाचाही विश्वास बसलेला नाही.) जेमर्सनचा जीव मोठ्या बेसवर, पण विजेच्या बेसने त्याला मोकळं केलं. त्याचा नावाजलेला बेस १९६२ सालचा. त्यावर त्याने ला बेला कंपनीच्या चपट्या वेढ्याच्या, भरपूर जाड तारा चढवल्या. बेसच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आज सर्वसाधारण संचात जाड तार १०५ आणि बारीक तार ४५ असते. त्याच्या तारा ११० ते ५२. शिवाय त्या मानेपासून चांगल्या उंच ठेवलेल्या. तसला बेस आपल्यासारख्याच्या हाती दिला, तर दुसऱ्या गाण्याला मनगट धरून बसावं लागेल.

आणि एकदा चढवलेल्या तारा त्याने बदलल्या नाहीत. तुटली तर तेवढी बदलायची. तारेत बोटांचा मळ बसला, की आवाजात खरी चव उतरते, अशी त्याची समजूत. बेसच्या मागच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे, त्यानेही आवाज थोडा दाबला जाई. या सगळ्याचा परिणाम म्हणजे घट्ट मिटलेल्या मुठीने दार ठोठवावं तसा ठोका. सूर आहे, पण तो रेंगाळत नाही. पुढच्या सुराला जागा करून देतो. मला वाटतं, जेमर्सनच्या त्या भरगच्च, वळणावळणाच्या ओळी जमल्या त्या यामुळेच. लखलखीत तारांवर इतके सूर एकमेकांवर सांडले असते आणि गायकाचा गळा झाकला गेला असता. या मऊ, लवकर विझणाऱ्या तारांवर त्याला मनसोक्त हिंडता आलं आणि गाणाऱ्याच्या पायातही आला नाही.

टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ हे १९६४ सालचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते एका मित्राकडे, सायनला. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने ती तबकडी आणलेली. गाणं सुरू होतं तेच बेसवर. मित्राने सुई चार वेळा मागे नेली आणि पाचव्यांदा त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही तबकडीचं वेष्टन उलटंसुलटं करून पाहिलं. गायकांची नावं होती, फोटो होते, कंपनीचा पत्ता होता. बेस वाजवणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं.

नसणारच. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या वीसहून अधिक गाण्यांत ज्याचं बोट आहे, त्याला ती गाणी गुणगुणणारी माणसं रस्त्यात ओळखत नसत. दिवसा स्टुडिओत साच्यातली गाणी करायची आणि रात्री चिट चॅट लाउंजसारख्या क्लबात जाऊन आपल्या मनाचं जॅझ वाजवायचं, असा त्याचा दिनक्रम. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये मोठमोठे वाद्यवृंद बसत, आणि पडद्यावर नाव येई संगीतकाराचं, गीतकाराचं, फार तर साहाय्यकाचं. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आपल्या कानांत आहे, पण नाव किती घरांत ठाऊक आहे? ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईच्या या वादकांना भेटून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं ते २००८ साली. तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते.

जेमर्सनचं नाव छापून आलं ते १९७१ साली, मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर. मोटाउनने वादकांची नावं दिली ती त्यावर प्रथमच, आणि याच्या नावाआधी तर तोड नसलेला अशा अर्थाचं विशेषणही होतं. त्या शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाची कथा बेसवाल्यांच्या घराण्यात पुराणासारखी सांगितली जाते. गे याला बेसवर हाच हवा होता. रात्री शोधाशोध झाली, एका क्लबात तो सापडला आणि स्टुडिओत आणला गेला. पण इतका प्यालेला, की त्याला स्टुलावर बसता येईना. तेव्हा तो जमिनीवर पाठ टेकून आडवा झाला आणि तसाच वाजवला. आता ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मीही तरुणपणी हसत असे. गाणं ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो, कारण त्या ओळीत एकही सूर तोल गेलेल्या माणसाचा नाही. पण पस्तिशीही न गाठलेला एक बाप रात्री घरी असायचा, तो जमिनीवर पडून वाजवतो आहे, हेही त्याच गोष्टीत आहे. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे कुठेतरी झाली होती.

१९७२ साली मोटाउनने आपलं बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. डेट्रॉइटच्या त्या घरातल्या वादकांच्या पायाखालची जमीनच गेली. काही जण तिथेच राहिले. जेमर्सन १९७३ साली कंपनीच्या मागोमाग कॅलिफोर्नियात गेला. सुरुवातीला कामं मिळाली, त्यांतली काही गाणी गाजलीही. पण खोली बदलली होती, सोबती पांगले होते, आणि आवाजाची आवडही पालटत चालली होती.

ही आवड पालटली ती तारांपासून. १९६६ च्या सुमारास इंग्लंडात रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ या वाद्यवृंदाचा जॉन एंटविसल याच्या मदतीने गोल वेढ्याच्या बेसच्या तारा बनवल्या. बेस एकदम पियानोसारखा खणखणू लागला. पुढच्या दहा वर्षांत अंगठ्याने तार ठोकून वाजवायची पद्धत आली आणि तिला तर गोल तारच हवी. लॉस एंजेलिसच्या निर्मात्यांना तो नवा, चमचमता आवाज पाहिजे होता. जेमर्सनला त्याची गोडी लागली नाही. त्याच जुन्या तारा, तेच एक बोट. हळूहळू बोलावणी कमी झाली.

इथे मला माझी गोष्ट मध्ये आणावी लागते. नातीलाही ती सांगितली, आणि सांगताना थोडा ओशाळलो. माझा बेस कलकत्ता बनावटीचा होता. १९७८ साली त्याच बोटीवरच्या माणसाने मला परदेशी चपट्या तारांचं पाकीट आणून दिलं. त्या दिवसांत आयातीवर इतकी बंधनं, की असं पाकीट म्हणजे कपाटात कुलपात ठेवायची चीज. त्या तारांवर मी तीन वर्षं वाजवलं. शिवाजी मंदिरापासून गिरगावातल्या गणपतीच्या मंडपांपर्यंत सगळीकडे त्याच. मग १९८० साली ‘कुर्बानी’ आला आणि डिस्कोची लाट मंडपापर्यंत पोचली. आमच्या ऑर्केस्ट्राच्या चालकांनी बजावलं, की माझा बेस चादरीखालून वाजवल्यासारखा येतो, तो चकचकीत कर. नव्या गोल तारा लगेच मिळेनात. मग कुणीतरी तोडगा सांगितला, की जुन्या तारा पाण्यात उकळल्या की उजळतात. आईच्या पातेल्यात मी त्या दहा मिनिटं उकळल्या. गोल तारांचा मळ अशाने निघतो आणि त्या थोड्या दिवसांपुरत्या खरंच उजळतात. चपट्या तारांना काडीचा फरक पडत नाही, हे मला नंतर कळलं. आईने ते पातेलं पुन्हा दुधाला वापरलं नाही, आणि पुढे वर्षभर ते माझ्या नावाने ओळखलं जात होतं.

शेवटी गोल तारा मिळाल्या. मी त्या चढवल्या आणि चपट्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. आमच्याकडे जुनी गाणी गाणाऱ्या एक बाई होत्या, वयाने माझ्याहून मोठ्या. दोन-तीन कार्यक्रमांनंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हल्ली गाताना पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढत असल्यासारखं वाटतं. त्यांना तारांतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरी मी तारा परत बदलल्या नाहीत. कार्यक्रम डिस्कोचे मिळत होते, बिदागीही त्याचीच. पुढे दोन वर्षांत त्या बाईंनी ऑर्केस्ट्रा सोडला. माझ्या तारांमुळे नव्हे, घरच्या कारणाने. तरी मंचावर त्यांच्या शेवटच्या गाण्याला माझा बेस खणखणत होता, हे मी विसरलेलो नाही.

माझी तारांची अदलाबदल चालली होती त्याच सुमारास तिकडे जेमर्सन घसरणीला लागला होता. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा सोहळा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे झाला. आपल्याकडेही त्या रात्रीच्या चित्रफिती पुढे पुष्कळ फिरल्या, कारण मायकेल जॅक्सनची ती मागे सरकणारी सुप्रसिद्ध चाल जगाने पाहिली ती त्याच कार्यक्रमात. जेमर्सनला आमंत्रण नव्हतं. तो तिकीट विकत घेऊन मागच्या बाजूला बसला, आणि ज्या गाण्यांना आपण पाया घातला ती समोर चालू असलेली पाहिली. मला त्या रात्रीचा विचार आला की जॅक्सनचे पाय दिसत नाहीत, मागच्या अंधाऱ्या रांगेतली ती खुर्ची दिसते.

त्याच वर्षी त्याचा तो १९६२ सालचा बेस, तारांसकट, घरातून चोरीला गेला. काही दिवसांतच, २ ऑगस्ट १९८३ रोजी, तो लॉस एंजेलिसमध्ये वारला. यकृत दारूने निकामी झालेलं, त्यात हृदय थकलं, न्यूमोनिया झाला. वय सत्तेचाळीस. देह डेट्रॉइटला आणून तिथल्या वुडलॉन दफनभूमीत पुरला.

इथल्या वर्तमानपत्रांत काही आल्याचं मला तरी आठवत नाही. त्या आठवड्यात आमच्या गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होत्या. मला सगळं समजलं ते थेट नव्वदीनंतर. ॲलन स्लट्स्की याने जेमर्सनवर १९८९ साली पुस्तक लिहिलं, आणि ते न्यू जर्सीच्या एका मावसभावाने मला आणून दिलं. ‘माय गर्ल’ ऐकल्याला तेव्हा पंधराहून अधिक वर्षं होऊन गेली होती. वेष्टनावर न सापडलेलं नाव असं हाती आलं तेव्हा तो माणूस जाऊनही बराच काळ झाला होता. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांसाठी नवं दालन सुरू झालं, त्यात पहिल्या मानकऱ्यांत त्याला घेतलं. २००२ साली त्या पुस्तकावरून डेट्रॉइटच्या वादकांवर माहितीपट निघाला. आज त्याच जाडीच्या चपट्या तारांचा संच ला बेला कंपनी विकते आणि जगभरचे तरुण तो मागवतात.

गोष्ट सांगणाऱ्यांना इथे मोह होतो. तारा बदलल्या नाहीत म्हणून कामं गेली, कामं गेली म्हणून पिऊ लागला, असं साधं सरळ चित्र काढता येतं आणि ते डोळ्यांत पाणीही आणतं. मला ते पटत नाही. तो डेट्रॉइटला होता तेव्हाही पीत होता. वेळेवर न येणाऱ्या वादकाला कुठल्याही तारा लावल्या तरी निर्माता किती दिवस बोलावणार? उलट मी तारा बदलल्या आणि कामं टिकवली, म्हणून माझं वाजवणं काही मोठं झालं नाही. पण त्याचा हट्ट नुसता हेकेखोरपणा होता, असंही मी म्हणणार नाही. ते बोट, ती उंच ठेवलेली जाड तार, तो स्पंजाचा तुकडा, ती पायऱ्या उतरून जायची खोली, हे सगळं मिळून त्याचा आवाज होता. त्यातली एक गोष्ट काढून दुसरी बसवणं त्याला जमलं नसतं. त्याने करूनही पाहिलं नाही. बायको-मुलांनी त्याची काय किंमत मोजली असेल, हा हिशेब कुठल्याही हॉल ऑफ फेममध्ये लिहिलेला नाही.

नातीने सगळं ऐकून घेतलं आणि मूळ प्रश्नावर परत आली. तारा कुठल्या? तेव्हा मी तिला काय वाजवणार ते विचारलं. अंगठ्याने ठोकायचं असेल, तर चपट्या तारा नकोत; पैसे वाया. जुनी गाणी, गाणाऱ्याच्या मागे राहून वाजवायचं असेल तर लाव. किंमत गोल तारांच्या दुपटीच्या पुढे जाते, पण गोल तारा चार वेळा बदलशील तेवढ्यात ही एकदा. ११० ते ५२ या जाडीच्या फंदात पडू नकोस. ती त्याच्या बोटासाठी होती. ताण इतका येतो की मान वाकते आणि आतली सळई पिळून ती सरळ करावी लागते. हलक्या ताणाचाही चपटा संच मिळतो, तो घे. बेसची लांबी मोजून घे. लांब मानेच्या वाद्याला आखूड तार पुरत नाही. आणि तार कापण्याआधी टोक काटकोनात वाकव, मगच काप. नाहीतर वरचा वेढा गाभ्यावरून सुटतो आणि नवी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते.

तिला माझ्या बिस्किटाच्या डब्यातल्या तारा हव्या होत्या. डबा माळ्यावरून काढला. इतक्या वर्षांत वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडली, आम्ही टेकडीच्या जवळच एका सोसायटीत आलो, मामी त्यांच्या मुलाकडे गेल्या. डबा मात्र बरोबर राहिला. तारा काळवंडल्या होत्या, गंज जवळपास नव्हता. तिने तीन चढवल्या आणि त्या वाजल्या. चौथी, सर्वांत जाड, खुंटीपर्यंत पोचेना. माझ्या कलकत्त्याच्या गिटारच्या मापाने मी ती १९७८ साली कापली होती; दीड इंच कमी पडला.

मग नवा संच आणला. माझा उपदेश ऐकून तिने नेमका जाडच घेतला. बारीक तीन तारा बसल्या, पण मानेच्या टोकाशी खाचांची जी पट्टी असते, तिच्या शेवटच्या खाचेत ११० ची तार जाईना. वरच तरंगत राहिली. खाच कानसून रुंद करावी लागणार, आणि जास्त खोल गेली तर तार पडद्यांना घासणार, म्हणून घरी करायची नाही, असं मी तिला बजावलं आहे. दादरला एक कारागीर हे काम नीट करतो. सोमवारी त्याचं दुकान उघडलं, की दोघं जाणार आहोत.